मारोतरावांची अकरा शून्यं

मारोतराव कापगते भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्या विभागात कुणाला रडू आलं नाही. घरी भागीरथाबाईंना मात्र आलं. चौतीस वर्षं जो माणूस रोज आठ-नऊ तास हक्काने घराबाहेर असायचा, तो आता चोवीस तास डोळ्यांसमोर राहणार होता. हुडको वसाहतीतल्या त्या दोन मजली घरात लपायला जागाही फारशी नव्हती.

तसे मारोतराव माणूस वाईट नव्हते. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाशी भांडण नाही. एकच खोड होती, पुसण्याची, आणि तीही नोकरीने लावलेली. प्लांटात ते इन्स्ट्रुमेंटेशनला टेक्निशियन होते. धगधगत्या भट्टीकडे लांबूनच बघून तिचं तापमान सांगणारी यंत्रं असतात, त्यांची निगा राखायचं काम त्यांच्याकडे होतं. या यंत्राला पुढे एक काच असते. काचेवर लाल धूळ बसली की यंत्राला भट्टी आहे त्याहून गार दिसायला लागते, आणि यंत्राचं ऐकून चालणारे सगळे मग चुकतात. म्हणून मारोतरावांच्या डाव्या खिशात स्पिरिटची बाटली आणि उजव्या खिशात कापूस. पाळी सुरू झाली की काच पुसायची, जेवणाआधी पुसायची, घरी जाताना पुसायची. अख्खा विभाग त्यांना 'कापूसवाले' म्हणायचा आणि त्यांना ती पदवी वाटायची. नव्या पोरांना ते दोनच गोष्टी शिकवत. एक, काच धुरकट दिसली की आधी पूस, मग विचार कर. दोन, न थरथरणारा काटा म्हणजे मेलेला काटा. त्यातली पहिली गोष्ट ते स्वतः जन्मभर पाळत आले. दुसरी बहुधा फक्त पोरांसाठीच असावी.

रिटायर झाल्यावर प्लांट सुटला, कापूस सुटला नाही. पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या काचा झाल्या. दुसऱ्या आठवड्यात भागीरथाबाईंचा चष्मा दिवसातून तीनदा त्यांच्या नाकावरून उतरवला जाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात मारोतरावांनी तारेची घासणी घेऊन नवाकोरा नॉनस्टिक तवा चांदीसारखा लख्ख केला. काळा थर निघता निघत नव्हता, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. त्या दिवसापासून त्या तव्यावर धिरडं म्हणून उलटेना. "कंपनीच खराब," असा निकाल देऊन मारोतराव घड्याळाकडे वळले.

शेवटी भागीरथाबाईंनी वरच्या मजल्यावरची भाडेकरू गाठली. मृणाल नावाची ही मुलगी वर्ध्याची, शेतीशास्त्रात डॉक्टरेट झालेली आणि धानावरच्या रोगाच्या एका प्रयोगासाठी भिलाईत येऊन राहिलेली.

"मृणालबाई, तुमच्या त्या शेतात यायले कोनतंबी काम द्या," भागीरथाबाई म्हणाल्या. "पगार नाई देल्ला तरी चालते. फक्त सकाऊन घेऊन जा अन् सांजवक्ती आनून सोडा."

"काकू, काम आहे खरं, पण चिखलातलं आहे."

"तर मंग लय चांगलं."

मारोतरावांना मात्र यात अपमान वाटला. लाखांदूरकडच्या त्यांच्या गावी बापाच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करताना, एकोणिसाव्या वर्षी त्यांनी शपथ घेतली होती की पुन्हा म्हणून धानात पाय घालणार नाही. भिलाईला ते लोखंडाच्या प्रेमाने आले नव्हते, चिखलाच्या तिटकाऱ्याने आले होते. पण मृणालने लॅपटॉपवर यंत्राचं चित्र दाखवलं, त्यात एक काच दिसली, आणि मारोतरावांची शपथ तिथेच ढिली पडली.

यंत्र म्हणजे खांबावर बसवलेली एक पांढरी पेटी होती. वर सोलर पाटी, पोटात छोटा पंखा. पंखा शेतावरची हवा आत ओढतो. आत नखाएवढी काचेची चिप असते. धानावर करपा पडतो तो एका बुरशीमुळे, आणि या बुरशीचे बीजाणू पानावर ठिपका दिसण्याच्या कितीतरी आधी हवेत फिरायला लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण चिपेवर असं काही लावलेलं असतं की हेच बीजाणू तेवढे तिला चिकटतात, बाकीची धूळ-परागकण निघून जातात. चिपेवर उजेड टाकला की चिकटलेल्या बीजाणूंमुळे परत येणाऱ्या उजेडात फरक पडतो, आणि त्यावरून पेटी आकडा सांगते.

"म्हणजे उजेडाकडे बघून रोग सांगायचा," मारोतराव म्हणाले. "आमी उजेडाकडे बघून ताप सांगत होतो. एकाच जातीचं काम झालं."

"अगदी तसंच काका," मृणाल म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत, तिने कुणाला काय मान्य केलं ते.

पुढचं तिने पुन्हापुन्हा बजावून सांगितलं. आकडा वर जायला लागला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हलकं औषध एकदा मारलं तर पुरतं. पण बीजाणू आठ-दहा दिवस हवेत फिरून गेलेले असतील तर रोग पानाच्या आत शिरलेला असतो. तिथे हलकं औषध मारणं आणि पाणी मारणं सारखंच. मग कडक औषध लागतं, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. म्हणजे सगळा खेळ पहिला दिवस कोणता, हे ओळखण्याचा होता. सोबत तिने एक छापील कागद दिला. त्यात चौथ्या ओळीत लिहिलं होतं: चिप को हाथ न लगाएँ.

भिलाईबाहेर, उतईच्या पुढे खपरीभाठा नावाचं गाव. तिथल्या बावीस शेतकऱ्यांनी प्रयोगात नाव दिलं होतं. दरवर्षी ते तारखेप्रमाणे तीन फवारण्या करायचे, रोग असो नसो. यंदा पेटी सांगेल तेव्हाच करायची असं ठरलं. पेटी सुखराम साहूच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी केली. सुखराम मारोतरावांच्याच वयाचा, बोलायला कमी आणि बघायला जास्त. बाकीचे एकवीस जण तो काय करतो ते बघून करायचे, त्यामुळे मृणालने त्यालाच आधी पटवलं होतं.

मारोतराव रोज सकाळी आपल्या मोपेडवर, डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट घालून खपरीभाठ्याला जाऊ लागले. धानाच्या शेतात डोक्यावर काय पडणार होतं देव जाणे, पण सेफ्टी म्हणजे सेफ्टी. पेटी बघायची, मोबाइलवर आकडा घ्यायचा आणि शाळेच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर तारीख घालून खडूने लिहायचा. पहिले पाच दिवस आकडे आले: दोन, एक, तीन, एक, दोन. मृणाल म्हणाली, एवढं हवेत असतंच, काळजी नको.

मारोतरावांना काळजी नव्हती, पण चैनही नव्हतं. असा उगाच वरखाली होणारा आकडा त्यांना डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा सलायचा. सहाव्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. चिप उन्हात धरली. तिच्यावर निळसर, धुरकट असा एक पातळ पडदा होता. चौतीस वर्षांचं शिक्षण एका क्षणात जागं झालं. कागदावरची चौथी ओळ त्यांना आठवली नाही असं नाही, चांगली आठवली. पण हात लावू नका म्हणजे बोटं लावू नका. कापूस म्हणजे काही बोट नव्हे. त्यांनी स्पिरिटचे दोन थेंब घेतले, हळुवार पुसलं, आणि चिप अशी चमकली की त्यांना आपल्या जुन्या भट्टीची आठवण येऊन गहिवरल्यासारखं झालं.

सातव्या दिवशी आकडा आला शून्य.

"बघा!" ते फळ्यासमोर उभ्या असलेल्या गावाला म्हणाले. "काच मैली थी. साफ किया, सब ठीक."

त्यानंतर ते रोज चिप पुसू लागले आणि रोज शून्य येऊ लागलं. फळ्यावर शून्याखाली शून्य अशी माळच लागली. गावात मारोतरावांचा भाव वाढला. चहा आपोआप यायला लागला. दोघा-तिघांनी घरचे बिघडलेले पंखे आणून दाखवले. मृणाल त्या दिवसांत रायपूरला कुठल्याशा परिषदेत अडकली होती. मोबाइलवर शून्य बघून तीही खूश होती. आपल्या पेटीमुळे बावीस शेतांवर एक थेंब औषध पडलं नाही, असं तिने परिषदेत सांगितलंही, आणि टाळ्या घेतल्या.

आठव्या शून्याच्या दिवशी सुखराम पाठीवर औषधाचा पंप घेऊनच फळ्यापाशी आला. आजूबाजूच्या गावांत फवारणी सुरू झाली होती. ढगाळ होतं, सकाळी धानावर दव पडत होतं, आणि त्याचं मन खात होतं.

"बाबूजी, पक्का न?" त्याने विचारलं.

"सुखरामभाई, मेरा यंत्र चौंतीस साल में कभी झूठ नहीं बोला," मारोतराव छाती फुगवून म्हणाले.

सुखरामने त्यांच्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, पंप उतरवून घरी नेऊन ठेवला. बाकीच्या एकवीस जणांनीही ठेवला.

अकराव्या शून्याच्या दुपारी मृणालचा फोन आला.

"काका, टेमरीडीहला आपली दुसरी पेटी आहे ना, तीन किलोमीटरवर, ती गेला आठवडाभर चाळीस-पंचेचाळीस दाखवतेय. तिथे कुणी लक्ष देत नाही, कोळ्यांनी जाळी केलीत नुसती. तुमची पेटी एवढी टापटीप, ती शून्य दाखवते, म्हणजे तिथलीच बिघडली असणार. नवीन चिपांची पाकिटं तुमच्याकडे आहेत. जरा जाऊन चिप बदलता? बाहेरून पुसून घ्या. मी उद्या सकाळी येतेच आहे, पाहुणे घेऊन. आजूबाजूच्या गावांचे लोक तुमची पेटी बघायला येणार आहेत."

मारोतराव टेमरीडीहला गेले ते जरा तोऱ्यातच. पेटीची दशा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जाळी, चिखल, पाखरांची शिट. त्यांनी बाहेरून ती लख्ख केली. मग आतली चिप काढली. तीही धुरकट, निळसर. असणारच, ते मनात म्हणाले, आणि बदलण्यासाठी खिशातलं सीलबंद पाकीट फोडून नवी चिप उन्हात धरली.

नवी चिपही धुरकट होती. तोच निळसर पडदा.

"माल खराब," मारोतराव पेटीला म्हणाले आणि दुसरं पाकीट फोडलं. त्यातल्या चिपेवरही पडदा. तिसरं फोडलं. तिच्यावरही. चौथ्या पाकिटाकडे गेलेला हात मध्येच थांबला. पाकीट सीलबंद, आत धूळ शिरायला जागा नाही, आणि तीन वेगवेगळ्या पाकिटांत एकसारखा मळ कसा असेल?

तो पडदा मळ नव्हताच. बीजाणू ज्याला चिकटायचे ते हेच होतं. अकरा दिवस ते रोज सकाळी नियमाने, प्रेमाने, स्पिरिट लावून पेटीचे डोळे फोडत होते. आणि आंधळी पेटी बिचारी खरं तेच सांगत होती, की तिला काही दिसत नाही.

मग दुसरी गोष्ट आठवली आणि ते तिथेच धुऱ्यावर बसले. न थरथरणारा काटा म्हणजे मेलेला काटा. शंभर पोरांना त्यांनी हे शिकवलं होतं. उघड्या शेतातल्या हवेत अकरा दिवस सरळ शून्य! एखाद्या शिकाऊ पोराने असा कागद आणून दाखवला असता तर मारोतरावांनी त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली असती. स्वतःच्या शून्यावर मात्र ते अकरा दिवस चहा पीत होते.

टेमरीडीहच्या पेटीत त्यांनी एक नवी चिप बसवली, मग खपरीभाठ्याला येऊन आपल्या पेटीतही बसवली. या वेळी बोटंही लागू दिली नाहीत. संध्याकाळी घरी आले तेव्हा हेल्मेट काढायचंसुद्धा विसरले. भागीरथाबाईंनी ताट वाढलं, तरी ते तसेच बसलेले.

"काय झालं जी? कोनी मेलं का?"

मारोतरावांनी सगळं सांगितलं. भागीरथाबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

"मंग आता?"

"नवीन चिप टाकली म्या. उद्या सकाऊन बराबर आकडा येईन. समदे म्हनतीन, रोग आज आला अन् मशीननं आजच धरला. कोनाले काही समजनार नाई."

"चांगलंच झालं की मंग."

"काय चांगलं झालं! थे पयल्या दिवसाचं हलकं औषध मारतीन."

"अन् थ्यानं रोग जाईन?"

मारोतरावांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"मी इचारून राहिली, जाईन का?"

"नाई जाईन. आत शिरला असन आतापावतर."

भागीरथाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. तवा जुना लोखंडी होता, हे सांगायला नको.

"माह्या तव्याच्या वक्ती तुमी म्हनलं, कंपनी खराब," त्या म्हणाल्या. "घड्याळाच्या वक्ती म्हनलं, सेल खराब. मी आयकून घेतलं, कावून का तवा माह्या घरचा होता. उद्या बावीस घरचं धान हाये. थ्यायले कोनाचं नाव सांगता?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मारोतरावांना जास्त लागलं. त्यांनी जेवण केलं, पण काय खाल्लं ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खपरीभाठ्याच्या शाळेसमोर लग्नाला यावी तशी माणसं जमली होती. दोन जीपा भरून पाहुणे. टेबलावर चादर, चादरीवर नारळ आणि घडी केलेला नवा गमछा. हा सत्कार आपलाच आहे हे मारोतरावांना लांबूनच कळलं आणि मोपेड परत फिरवावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात मृणाल मोबाइल उंच धरून त्यांच्याकडे धावतच आली.

"काका, अठ्ठावन्न! काल शून्य आणि आज अठ्ठावन्न! पहिल्याच दिवशी सापडलं!"

तिने ते लगेच हिंदीत सगळ्यांना सांगितलं. आज हलकं औषध एकदा मारा, काम झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने पेटीचा फोटो काढला, दुसऱ्याने पेटीसमोर स्वतःचा. गावातले एकवीस जण पंप आणायला उठू लागले. सुखराम पंप पाठीवर घेऊनच आला होता. त्याने हलक्या औषधाची बाटली उघडायला घेतली.

"रुको," मारोतराव म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नाही. मग त्यांनी प्लांटात सायरनच्या वर ओरडायचे तसं ओरडून सांगितलं, आणि सगळे थांबले. ते फळ्यापाशी गेले. अकरा शून्यं तिथे खालीवर ओळीने होती, त्यांच्याच गोल, नीटस अक्षरात. त्यांनी खडू उचलला आणि पहिल्या शून्यावर काट मारली. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. असं करत अकराव्यापर्यंत.

"ये शून्य मशीन के नहीं थे," ते म्हणाले. "मेरे थे."

मग त्यांनी सांगितलं. कापूस, स्पिरिट, निळा पडदा, सगळं. कागदावर हात लावू नका असं लिहिलेलं वाचलं होतं, हेही सांगितलं. रोग आजचा नाही, टेमरीडीहची घाणेरडी पेटी आठवडाभर खरं बोलत होती. हलकं औषध मारू नका. कडक मारा, आज एकदा आणि दहा दिवसांनी पुन्हा.

पहिल्यांदा एक पाहुणा हसला. मग गावातल्या कुणीतरी एक कचकचीत शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण वाजवी होती. मृणालने उंच धरलेला मोबाइल खाली घेतला. परिषदेतल्या टाळ्या तिला आठवल्या असतील. ती मारोतरावांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, सपाट शून्य उघड्या हवेत येतच नाही. मला दिसायला हवं होतं. मीही बघितलं नाही." पण मोठ्याने ती म्हणाली ते वेगळं होतं. आणखी एक दिवस थांबू, उद्याचा आकडा बघू आणि मग कडक औषधाचं ठरवू, असं ती लोकांना म्हणाली. पाहुण्यांसमोर तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

लोक गोंधळले. एकीकडे डॉक्टर झालेली बाई म्हणते थांबा. दुसरीकडे अकरा दिवस चुकलेला माणूस म्हणतो थांबू नका. सगळे सुखरामकडे बघायला लागले.

सुखराम मारोतरावांसमोर येऊन उभा राहिला. आजपर्यंत तो त्यांना बाबूजी म्हणायचा, आप म्हणायचा. आता तो सरळ एकेरीवर आला, तेही आपल्या गावच्या बोलीत.

"तैं चुप रहिते, त कोन जानतिस?"

"कोणी नाही," मारोतराव म्हणाले. "कोई भी नहीं."

सुखरामने हलक्या औषधाची बाटली बूच लावून खिशात टाकली, पाठीवरचा पंप उतरवला आणि मारोतरावांच्या पुढ्यात ठेवला.

"त चल, पंप धर."

पंप सोळा लिटरचा होता. मारोतराव साठ वर्षांचे होते. त्यांनी पंपात कडक औषध भरलं, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकेचाळीस वर्षांनंतर धानाच्या चिखलात पाय घातला. चिखल पूर्वी होता तसाच होता, गार आणि पायाला सोडायला नाखूश. मागून एक, मग दोन, मग सगळेच पंप हलले. बावीस शेतं दोन दिवसांत झाली. मारोतराव प्रत्येक शेतात उतरले, आणि प्रत्येक शेतात कुणी ना कुणी त्यांना दोन शब्द सुनावले. ते ऐकून घेत ते पुढची ओळ फवारत राहिले. दहा दिवसांनी दुसरी फवारणी झाली तेव्हा शिव्या निम्म्यावर आल्या होत्या. घरी भागीरथाबाईंनी त्यांच्या फुटलेल्या टाचांना कोकमाचं तेल लावून दिलं आणि नेहमीसारखं टाकून बोलल्या नाहीत, यावरून त्यांना आपली अवस्था किती वाईट आहे ते कळलं.

एकवीस शेतं वाचली. थोडं इकडे गेलं, थोडं तिकडे, पण वाचली. सुखरामचा अर्धा एकर मात्र वाचला नाही. पेटीच्या अगदी जवळचा तुकडा होता तो. तिथे रोग लोंबीच्या मानेत शिरला आणि लोंब्या उभ्या राहिल्या त्या पांढऱ्या, पोचट. कापणीच्या वेळी मारोतराव मुद्दाम गेले. सुखरामने त्या तुकड्याकडे बोट दाखवलं नाही, आणि मारोतरावांना त्याहून मोठी शिक्षा कुणी करू शकलं नसतं. घरी येऊन ते भागीरथाबाईंना म्हणाले, "मले लाज वाटून राहिली." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं होतं.

पुढच्या जूनमध्ये शाळेच्या ओसरीत बैठक झाली. मृणालने नवी पेटी आणली होती. तिला एक लाल दिवा होता. आकडा दोन दिवस सपाट राहिला की तो लागायचा आणि पेटी स्वतःहून सांगायची की मला दिसत नाही, माझ्यावर विसंबू नका. पेटी सांभाळायला बी.एस्सी. झालेली एक चुणचुणीत मुलगीही मिळाली होती. मारोतरावांना कुणी बोलावलं नव्हतं असं नाही, पण ते मागे, दाराशी बसले होते. मृणालने मुलीची ओळख करून दिल्यावर ते स्वतःच उठले आणि पेटीची किल्ली टेबलावर ठेवून परत जागेवर जाऊ लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही. ते योग्यच होतं, त्यांनाही तसंच वाटत होतं.

मृणालने मग वहीत लिहायला घेतलं. पेटी बघणार ही मुलगी, फळ्यावर आकडा लिहिणारही हीच.

"नइ," सुखराम म्हणाला.

सगळे वळले. तो उठलाही नव्हता, भिंतीला टेकून होता तसाच होता.

"मशीन बर जेला रखना हे तेला रख लव, मैडम. फेर बोरड म इही लिखही." त्याने हनुवटीने मारोतरावांकडे खूण केली. "आने कोनो लिखही, त मैं नइ मानंव."

फळ्यावर दुसऱ्या कुणी लिहिलं तर आपणही मानणार नाही, अशा अर्थाने बाकीच्या एकवीस जणांनी माना डोलावल्या. मृणालने वहीत फळ्यासमोर लिहिलेलं मुलीचं नाव खोडलं आणि त्या मुलीने मोबाइलवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला: दोन.

मारोतराव फळ्यापाशी गेले. त्यांना रडू येत होतं, आणि चारचौघांत रडायची सवय नसल्यामुळे ते बराच वेळ पाठमोरे उभे राहून फळ्याच्या खालच्या पट्टीवर खडू शोधत राहिले. खडू त्यांच्या हातातच होता. कुणी सांगितलं नाही, सगळे थांबून राहिले.